स्थलांतरित लेखकांच्या वाङ्मयातील मायभूमीचे चित्रण : काही निरीक्षणे

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातील कारंजा या गावाचे नाव लिहिताना पुढे कंसात 'घाडगे' असे लिहावे लागते. वाशीम जिल्ह्यात दुसरे कारंजा आहे आणि ते 'लाड' या नावाने ओळखले जाते. गावात राहणाऱ्या माणसाला या कंसाची गरज क्वचितच पडते. मात्र नागपूर-अमरावती महामार्गावरून बस धरून जो नागपूरला, पुण्याला किंवा त्याहून दूर जातो, त्याला आपले गाव सांगताना तो कंस आवर्जून उच्चारावा लागतो. गाव सुटल्यावर गाव समजावून सांगण्याची वेळ येते. स्थलांतरितांच्या वाङ्मयाचा उगम बऱ्याच अंशी याच गरजेत आहे.

परदेशी स्थायिक झालेल्या लेखकांच्या वाङ्मयाला इंग्रजीत 'डायस्पोरा' साहित्य म्हणतात. मराठीत त्यासाठी परदेशस्थ, अनिवासी, स्थलांतरित असे अनेक शब्द वापरले जातात. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात या विषयाच्या स्वतंत्र अध्ययनाची सोय झाली. विद्यापीठांच्या इंग्रजी अभ्यासक्रमांतही त्याला स्थान मिळाले. मराठी वाङ्मयाच्या संदर्भात मात्र या विषयाची चर्चा त्या मानाने तुटक राहिली. प्रस्तुत लेखात स्थलांतरित लेखकांनी रंगविलेल्या मायभूमीचा विचार काही निवडक कृतींच्या आधारे केला आहे. अशा लेखनाविषयी नेहमी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे हे चित्र खरे आहे काय ? या प्रश्नाचे उत्तर सहसा हाती लागत नाही. त्यापेक्षा या चित्रात मागे राहिलेल्या माणसांना बोलण्यास जागा आहे काय, हा प्रश्न अशा कृतींचे मोल ठरविण्यास अधिक उपयोगी पडतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

स्मरणातील मायभूमी

या विषयाच्या चर्चेत सलमान रश्दी यांच्या 'इमॅजिनरी होमलँड्स' या १९८२ मधील निबंधाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. लंडनमधील आपल्या खोलीत रश्दींनी मुंबईतील घराचे एक जुने छायाचित्र लावले होते. ते १९४६ मधील, म्हणजे त्यांच्या जन्मापूर्वीचे आणि अर्थातच कृष्णधवल होते. अनेक वर्षांनी मुंबईस आल्यावर ते घर रंगांसह समोर उभे राहिले, तेव्हा आपल्या मनात भूतकाळ नकळत कृष्णधवल होऊन बसला होता, याची त्यांना जाणीव झाली. 'मिडनाइट्स चिल्ड्रेन' (१९८१) या कादंबरीची प्रेरणा ते या अनुभवात शोधतात.

या कादंबरीतील एक बाब वर्ध्याच्या वाचकाला विशेष जाणवण्याजोगी आहे. कादंबरीचा निवेदक सलीम सिनाई गांधीहत्येची तारीख चुकीची सांगतो आणि पुढे ती चूक मान्यही करतो. तथापि तो ती दुरुस्त करीत नाही. ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, तेथील शाळकरी मुलालाही ३० जानेवारी १९४८ ही तारीख पाठ असते. त्यामुळे हा प्रकार प्रथमदर्शनी बेपर्वाईचा वाटू शकतो. रश्दींनी मात्र निवेदकाच्या अशा चुका पुढे जाणीवपूर्वक तशाच ठेवल्या. स्मृतीला तिचे स्वतःचे सत्य असते, हा त्यामागील विचार होय. तो मान्य केला तरी एक शंका उरतेच. स्मृतीची चूक चूक म्हणून ओळखण्यासाठी कोणीतरी तेथेच राहिलेला असावा लागतो. स्थलांतरिताच्या लेखनाला हा दुसरा माणूस नेहमीच लागतो, मग तो पुस्तकात असो अथवा वाचकात.

रोहिंटन मिस्त्री यांच्या बाबतीत हे अधिक स्पष्टपणे दिसते. १९५२ साली मुंबईत जन्मलेले मिस्त्री १९७५ मध्ये कॅनडात गेले आणि लेखनाला त्यांनी तेथेच आरंभ केला. त्यांच्या कादंबऱ्यांची भूमी मात्र मुंबईच राहिली. 'सच अ लाँग जर्नी' (१९९१) ही कादंबरी १९७१ च्या युद्धकाळात घडते, तर 'अ फाइन बॅलन्स' (१९९५) मध्ये आणीबाणीचा काळ आहे. लेखकाने देश सोडला ते वर्ष आणि आणीबाणी जाहीर झाली ते वर्ष एकच आहे. म्हणजे ज्या काळावर त्यांनी आपली सर्वांत मोठी कादंबरी लिहिली, त्या काळाचा बहुतांश भाग त्यांनी टोरांटोहून पाहिला. तरीही खेड्यातून शहरात आलेले चर्मकार समाजातील दोन शिंपी, त्यांची उद्ध्वस्त झोपडपट्टी आणि नसबंदीची मोहीम यांचे चित्र कमालीचे तपशीलवार आहे. 'हा भारत आम्ही पाहिला नाही' अशा धाटणीचे आक्षेप पाश्चात्त्य समीक्षेतून आले. ज्यांनी त्या काळात नसबंदीच्या गाड्या पाहिल्या, त्यांना तसे वाटण्याचे कारण नव्हते.

मिस्त्रींच्या 'टेल्स फ्रॉम फिरोजशा बाग' (१९८७) या कथासंग्रहातील 'स्विमिंग लेसन्स' ही शेवटची कथा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. टोरांटोत राहणारा एक तरुण मुंबईतील आईवडिलांना पत्रे लिहितो. पत्रांत तो स्वतःविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. पुढे एक दिवस त्याच्या कथांचे हस्तलिखित घरी येते. आईवडील ते वाचू लागतात, त्यावर आपापसांत बोलतात, वाद घालतात. मुलाला इतकी जुनी माणसे आठवतात म्हणजे तो तेथे दुःखी असावा, अशी काळजी आईला वाटते. वडील अंतर आणि लेखन यांच्या संबंधाविषयी आपले मत मांडतात. ज्या कथा वाचकाने नुकत्याच वाचलेल्या असतात, त्याच कथांची समीक्षा मागे राहिलेली दोन वृद्ध माणसे करतात. मायभूमी येथे केवळ चित्रविषय राहत नाही, ती वाचक होते.

मराठी परदेशस्थांचे लेखन

मराठी माणूस परदेशी जाऊन लिहू लागला, त्याला बराच काळ लोटला. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध झाले. मात्र त्याचा रोख अमेरिकेची लोकस्थिती स्वदेशीयांना सांगण्याकडे होता. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) प्रवासवर्णनाला अमाप लोकप्रियता मिळवून दिली. ही सर्व परतणाऱ्यांची पुस्तके होत. परतीचे तिकीट खिशात असलेल्या माणसाला मायभूमी आठवते ती तुलनेपुरती. तेथेच घर करणाऱ्याचे आठवणे वेगळे असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉक्टर, अभियंते व संशोधक मोठ्या संख्येने अमेरिकेत व कॅनडात गेले. त्यांची महाराष्ट्र मंडळे उभी राहिली व १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचे. कॅनडातून 'एकता' हे मराठी त्रैमासिक अनेक वर्षे निघत राहिले. या नियतकालिकांतील व स्मरणिकांतील लेखनाची दखल मराठी समीक्षेने फारशी घेतली नाही, ही खेदाची बाब आहे. त्याचबरोबर हेही नमूद करावे लागते की, अशा लेखनाचा बराच भाग स्मरणरंजनाच्या पुढे सरकत नाही. दिवाळीचा फराळ, आजोळची सुट्टी, गणपतीची आरास आणि पहिल्या पावसाचा वास या चार खांबांवर मायभूमीचा मांडव उभा राहतो. त्या मांडवात गडीमाणसे दिसतात ती बहुधा प्रेमळ असतात आणि त्यांना स्वतःचे म्हणणे नसते. ज्या वर्षी लेखक विमानात बसला, त्या वर्षीच गावातील घड्याळ थांबलेले असते. पुढे कापसाचे भाव पडले, विहिरी आटल्या, शेजारचा मुलगाही पुण्याला गेला, याची गंधवार्ता त्या घड्याळाला नसते.

यशोगाथा हा दुसरा प्रकार. बेळगावकडून १९७९ मध्ये अमेरिकेत गेलेले उद्योजक श्री ठाणेदार यांचे 'ही श्रीची इच्छा' हे आत्मकथन मराठीत अतिशय खपले. अशा आत्मकथनांत मायभूमी म्हणजे धावण्याच्या शर्यतीतील आरंभरेषा असते. तेथील गरिबी खरी असते, आईचे कष्टही खरे असतात. पण धावणाऱ्याने किती अंतर कापले हे मोजण्यासाठी त्यांचा उपयोग केला जातो. अशी पुस्तके ग्रामीण विद्यार्थी आवडीने वाचतात आणि त्यांतून उमेद घेतात. तो लाभ नाकारण्याचे कारण नाही.

या दोन्ही प्रकारांपासून दूर उभे असलेले दोन लेखक म्हणजे विलास सारंग आणि गौरी देशपांडे. कारवारला जन्मलेल्या सारंगांनी अमेरिकेत उच्च शिक्षण घेतले व पुढे इराकमधील बसरा येथे अध्यापन केले. 'एन्कीच्या राज्यात' (१९८३) ही त्यांची कादंबरी याच अनुभवविश्वातून आली. तिचा नायक अमेरिकेतून थेट मायदेशी परतण्याऐवजी आणखी एका परक्या देशात जाऊन राहतो. परतणे टाळण्याची ही भावना मराठी वाङ्मयात क्वचितच इतक्या निर्ममपणे व्यक्त झाली असेल. स्मरणरंजनाच्या विरुद्ध टोकाला असलेली ही भूमिका पचायला जड आहे, पण प्रामाणिक आहे.

गौरी देशपांडे यांच्या अनेक नायिका परदेशात घर करतात. 'एकेक पान गळावया' (१९८०) पासूनच्या त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत मायभूमी माती, पाऊस, सण यांच्या रूपाने फारशी येत नाही. ती येते ती माणसांच्या अपेक्षांच्या रूपाने. पुण्यातील शिक्षित घरातून निघालेली स्त्री कितीही दूर गेली तरी मुलगी, बहीण, आई या नात्यांचा हिशेब तिच्या मागोमाग जातो. परदेश तिला मोकळीक देतो आणि एकटेही पाडतो. पुढे लेखिका स्वतः फलटणजवळील विंचुर्णी या गावी येऊन राहिल्या. त्या वास्तव्यातून 'विंचुर्णीचे धडे' हे पुस्तक सिद्ध झाले. शीर्षकातील 'धडे' हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. परतलेला माणूस सहसा गावाला शिकवायला येतो. येथे शिकण्याची पाळी परतलेल्यावर आहे आणि ज्या गावी ती परतली, ते तिच्या बालपणाचे गावही नव्हे.

आडनावातील गाव

बेने इस्राएल समाजाचे उदाहरण या संपूर्ण चर्चेला वेगळे वळण देते. शतकानुशतके कोकणात राहिलेला हा मराठीभाषक यहुदी समाज १९४८ नंतर मोठ्या प्रमाणावर इस्राएलला गेला. धर्मदृष्ट्या ते पूर्वजांच्या भूमीत परतणे होते. पण ज्या भाषेत त्यांची आई अंगाई म्हणत होती, ती भाषा त्यांनी मागे सोडलेल्या किनाऱ्याची होती. त्यामुळे 'मायभूमी कोणती ?' या प्रश्नाचे एकच उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी इस्राएलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. या नावातच त्यांनी निवडलेले उत्तर दिसते. भूमी बदलली तरी बोली राखायची, असा तो निर्णय होता.

पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे रायगड जिल्ह्यातील गावांवरून आली आहेत. वंशपरंपरेने ती पुढे जात असल्यामुळे गाव न पाहिलेल्या नातवंडांच्याही नावात गाव उरते. पोहे, नारळ व फळे घालून केला जाणारा मलिद्याचा विधीही ते सोबत घेऊन गेले. येथे मायभूमीचे चित्रण पुस्तकापेक्षा नावात, ताटात आणि घरातल्या बोलीत अधिक टिकले. एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया म्हणून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांविषयीही थोड्याफार फरकाने असेच म्हणता येईल. ज्यांच्याजवळ लिहिण्याची सवड नव्हती, त्यांनी मायभूमी कशी सांभाळली, हे केवळ छापील पुस्तकांच्या आधारे कळणे शक्य नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाने ही मर्यादा ओळखूनच पुढे जावे लागते.

धरणगावचा वाडा

आतापर्यंतचा विचार समुद्रापलीकडे गेलेल्यांचा झाला. परंतु मायभूमी सोडण्यासाठी समुद्र ओलांडावा लागतोच असे नाही. वाटेगावहून मुंबईला आलेले अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' (१९५९) लिहिली ती आपल्या सुटलेल्या मुलुखावर. त्यांच्या 'माझी मैना' या छक्कडीत मुंबईत पोटासाठी आलेल्या माणसाचा विरह संयुक्त महाराष्ट्राच्या व सीमाभागाच्या प्रश्नाशी जोडला जातो. मायभूमीची आठवण येथे हळहळ न राहता मागणी होते. परदेशस्थ मराठी लेखनात ही धार अपवादानेच आढळते.

विदर्भाच्या दृष्टीने या विषयावरील सर्वांत महत्त्वाची कृती म्हणजे महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) हे नाटक. यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे जन्मलेले एलकुंचवार लहानपणीच गावापासून दुरावले. त्यांच्या नाटकातील धरणगावचे देशपांडे घराणे वडिलांच्या मृत्यूनंतर एकत्र येते. मुंबईला गेलेला मुलगा सुधीर पत्नी अंजलीसह वाड्यात येतो. त्याच्या मनातील वाडा म्हणजे भरलेले कोठार, माणसांचा राबता आणि घराण्याचा दबदबा. प्रत्यक्षात अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर आहे. भिंती खचल्या आहेत आणि दिवसकार्याच्या खर्चाची विवंचना आहे. सोन्याचा विषय निघताच भावाभावांतील अंतर उघडे पडते.

सुधीरला वाड्याविषयी वाटणारे प्रेम खोटे नाही. मात्र थोरला भाऊ भास्कर, वहिनी, राबराब राबणारा चंदू आणि शिकू न दिलेली प्रभा यांना त्या प्रेमाचा उपयोग नाही. घर सांभाळण्याचे ओझे त्यांच्या खांद्यावर आहे. सोडून गेलेल्याला हळहळण्याची चैन परवडते, राहिलेल्याला छप्पर शाकारावे लागते. आणि गंमत अशी की, त्या वाड्यातील तरुण रंजूला मुंबईचेच वेड आहे. म्हणजे मुंबईकराच्या मनात गावाचे जसे खोटे चित्र आहे, तसेच गावातील मुलीच्या मनात मुंबईचे. एकाच वाड्यात दोन्ही भ्रम समोरासमोर येतात.

या नाट्यत्रयीतील पुढची नाटके 'मग्न तळ्याकाठी' व 'युगान्त' ही होत. 'युगान्त'मध्ये सुधीरचा मुलगा अभय स्वीडनहून परततो, तेव्हा धरणगाव दुष्काळाने ओसाड झालेले असते. त्याला तेथे भेटतो तो त्याचा चुलतभाऊ पराग. गाव सोडून जगभर फिरलेला एक आणि गावाचा अंत पाहत थांबलेला दुसरा, अशा दोघांचा तो संवाद आहे. मुंबईला जाणे आणि स्वीडनला जाणे या एकाच प्रवासाच्या दोन पायऱ्या आहेत, हे या त्रयीइतक्या सलगपणे अन्यत्र क्वचितच मांडले गेले असेल. जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया' या नाटकात अमेरिकेतील मुलाची वाट पाहणारे आईवडील आहेत, पण मुलगा रंगमंचावर नसल्याने हिशेब एकतर्फी राहतो. एलकुंचवारांनी दोन्ही बाजूंना समोर बसविले आहे.

स्वीकार आणि नकार

स्थलांतरितांच्या लेखनाला मायभूमीने दिलेला प्रतिसादही तपासला पाहिजे. ८२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमेरिकेत भरविण्याच्या निर्णयावरून मोठा वाद झाला. अखेर ते संमेलन महाबळेश्वरला झाले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये सॅन होजे येथे स्वतंत्र विश्व मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्षपद 'अस्मितादर्श'चे संपादक, मूळचे नागपूरचे डॉ. गंगाधर पानतावणे यांना लाभले. स्मरणरंजनाचा वारसा सांगणाऱ्या सभागृहात दलित साहित्याचा एक प्रमुख प्रवर्तक अध्यक्षस्थानी बसावा, ही घटना साधी नव्हती. गावाची आठवण सर्वांना सारखीच गोड नसते. गावकुसाबाहेरून निघालेल्याच्या दृष्टीने गाव सोडणे म्हणजे सुटकाही असते. परदेशस्थ मराठी लेखनातील मायभूमी बहुतांशी कोणत्या घरांतून पाहिलेली आहे, हा प्रश्न त्यानिमित्ताने तरी ऐरणीवर यावयास हवा होता. तसे फारसे झाले नाही.

दुसरी घटना अध्यापकांना अधिक जवळची आहे. मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी अभ्यासक्रमात होती. २०१० मध्ये तिच्यातील काही उल्लेख मराठी माणसाचा व एका राजकीय पक्षाचा अवमान करणारे आहेत, असा आक्षेप घेऊन निदर्शने झाली आणि कादंबरी तातडीने अभ्यासक्रमातून काढण्यात आली. कादंबरीतील पात्रांचे बोलणे हे लेखकाचे मत मानावे काय, ही चर्चा वर्गात व्हावयास हवी होती. ती होण्याआधीच पुस्तक वर्गाबाहेर गेले. स्थलांतरिताने मायभूमीला बोलू द्यावे, अशी अपेक्षा करताना मायभूमीनेही त्याचे ऐकून घेणे ओघाने येते. त्याचे म्हणणे चुकीचे असेल तर ते चूक आहे हे पुस्तक वाचूनच दाखविता येते.

कारंज्यासारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला 'डायस्पोरा' ही संकल्पना लंडन-टोरांटोच्या उदाहरणांनी शिकविली, तर ती परीक्षेपुरती उरते. वर्गातील अनेकांचे थोरले भाऊ पुण्यातील कारखान्यांत कामाला असतात. दिवाळीला ते गावी येतात, शेत विकण्याचा विषय काढतात आणि चार दिवसांनी परत जातात. 'वाडा चिरेबंदी'चा दुसरा अंक अशा विद्यार्थ्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आज दररोज व्हिडिओवर बोलणे होत असल्याने अंतर संपले, असे म्हटले जाते. पण पडद्यावर घराचा तेवढाच कोपरा दिसतो, जेवढा घरचे दाखवितात. खचलेली मागची भिंत सहसा चौकटीबाहेर ठेवली जाते. 'स्विमिंग लेसन्स'मधील मुलगा पत्रांतून स्वतःविषयी जे लपवीत होता, तेच आता दोन्ही बाजूंनी लपविले जाते. अशा विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे पुण्याहून वा परदेशातून कारंज्याविषयी लिहील, तेव्हा त्याच्या गावातील पहिला वाचक बहुधा त्याचा भाऊच असेल. संत्र्याच्या बागेचे पाणी त्या वर्षी कधी तुटले, हे त्याला तारखेसह ठाऊक असेल.